कलम सात-तीन

वेलिंग्टनचा वारा छत्र्या मोडतो,
म्हणून तिथे कुणी छत्रीच बाळगत नाही.
महसूल खात्याच्या नवव्या मजल्यावर
मेरेआना पारेकुरा सकाळपासून एका शब्दापाशी अडली आहे:
बाहेरच्या सॉफ्टवेअरने असं करावं,
की करायलाच हवं?

आपल्याकडे एक 'च' लावला की भागतं.
तिच्या भाषेत अख्खं क्रियापद बदलावं लागतं,
आणि क्रियापद बदललं
की पेटोनीत, तळलेल्या माशांच्या दुकानावरची
एक खोली बंद पडू शकते.

त्या खोलीत टेविता बसतो.
एक संगणक, बायकोचं शिलाई मशीन
आणि चारशे बारा गिऱ्हाईकं:
गवंडी, मेंढ्या कातरणारे, शवपेट्या बनवणारी एक बाई.
त्यांचे हिशेब तो कराच्या दारापर्यंत नेऊन पोचवतो.
दार सरकारचं, वाट त्याची.
"वाट कशी असावी ते तुम्हीच सांगा," तो सभेत म्हणाला,
"पण ती मोजायला जो तपासनीस लागेल
त्याची फी माझ्या वर्षाच्या भाड्याएवढी आहे."
मोठ्या कंपनीचे तिघे आपापल्या फोनमध्ये होते.

मग फर्गस टलॉक उठला.
मधपाळ, दीडशे पेट्या. पहाटेचं विमान पकडून आलेला,
कोटाच्या खिशात एक बरणी.
दरीत नेट येतं-जातं, म्हणाला.
विवरण भरलं, बटण दाबलं, चक्र फिरत राहिलं.
मी पेट्या बघायला गेलो.
सॉफ्टवेअर मात्र वाट बघत बसलं,
उत्तर येईना म्हणून त्याने आपल्या मनाने
तेच विवरण परत पाठवलं.
मग अजून एकदा.

तिन्ही पोचली होती.
अकरा हजार चारशे डॉलर, तीनदा,
नेमके माश्यांसाठी साखर भरायच्या आठवड्यात.
"मिळाले परत. एकोणीस दिवसांनी.
माश्यांना एकोणीस दिवस कसे समजावायचे?"
कुणी हसलं नाही.
हसतील असं त्याला वाटलं असावं.

सॉफ्टवेअर टेविताचं होतं.
त्याने मान खाली घातली ती वही काढण्यासाठी.

कलम सात-तीन तिने त्याच रात्री लिहिलं:
प्रत्येक विवरणाला निघण्याआधी स्वतःची खूण हवीच.
तीच खूण पुन्हा आली तर ते जुनंच समजायचं.
उत्तर आलं नाही म्हणजे पोचलं नाही, असं नव्हे.

शेवटची ओळ वरिष्ठांनी काढली.
प्रमाणात काय करायचं तेवढं लिहावं, म्हणाले,
शहाणपण नको.
बरोबर आहे त्यांचं.
पण ती ओळ तिच्याच पायात रुतलेली:
गिस्बर्नला राहणाऱ्या भावाला
आईच्या जमिनीबद्दल धाडलेला निरोप,
तीन वेळा, शब्दही न बदलता.

तपासनिसाचं कलम सात-चार.
तिथे तिने 'च' काढला:
पाचशेच्या आत गिऱ्हाईकं असतील त्यांनी
दीड वर्षात, जमेल तसं करून घ्यावं.
पाचशेच का, हे कुणी विचारलं नाही.
तिच्याकडे उत्तर तयार होतं, फारसं चांगलं नव्हतं.

चाचणीसाठी खात्याने एक खोटं गाव वसवलंय.
तिथली माणसं कधी मरत नाहीत,
त्यांचे पत्ते बदलत नाहीत.
रात्री दोन वाजता, खालच्या तेलाच्या वासात,
टेविताने त्या गावातल्या एका खोट्या मधपाळाचं विवरण
मुद्दाम वायर उपटून
तीनदा पाठवलं.
नोंद झाली: एक.
बायको उठून आली तेव्हा तो अजून
त्या एकाकडेच बघत होता.

बरणी मेरेआनाने घेतली नाही, नियम आहे.
भेटवस्तूंच्या वहीत लिहिलं:
मध, रानटी थाइमचा, एक बरणी. परत केला.
किमतीच्या रकान्यापाशी ती पुन्हा अडली.
मग मोबाइल काढून पाहिला, भावाचं काही आलेलं नव्हतं.
चौथ्यांदा पाठवलं नाही.
रकाना तसाच ठेवून
ती वाऱ्यात बाहेर पडली.